पेन्सिल हलकी धरणारा माणूस

काकांशी बोलायचं असलं तर आधी ते उभे आहेत की चालतायत हे बघावं लागे. उभे असले तर खुशाल तासभर बोला. चालत असले तर तोंड उघडायचं नाही, कारण ते पावलं मोजत असत. मध्येच कुणी रामराम घातला तर काका थांबत, हात जोडत आणि एक अक्षर न बोलता मागे फिरून ज्या दगडापासून निघाले होते तिथून पुन्हा सुरू करत. एका गावच्या सरपंचांनी कौतुकापोटी त्यांना तीनदा हटकलं, तेव्हा काका एकच बांध चार वेळा चालले. चौथ्या वेळी शेवटच्या दगडाला हात लावून म्हणाले, "सरपंच, मानूस तुमी लई चांगले. पर ह्या बांधाला आता मी तोंडपाठ झालो."

मी तेव्हा तालुक्याच्या कार्यालयात कंत्राटावर कॉम्प्युटरला होते. मूळची चाकूरची, इथं खोली करून राहायची. करार काही महिन्यांचा, मग एक दिवसाचा खंड, मग पुन्हा करार. काका मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. माणसं कमी पडली म्हणून त्यांना मानधनावर परत बोलावलं होतं. ते रोज सकाळी मुदखेडहून गाडीनं येत. दोघांच्या नेमणुकीच्या कागदावर एकच काम होतं: ग्रामपंचायतनिहाय जमीन वापर आराखडे अद्ययावत करणे. सरळ सांगायचं तर, शेत कुठं, गायरान कुठं, घरं कुठं, पाणी कुठं, हे जुन्या कागदावर एक आणि प्रत्यक्षात भलतंच झालेलं होतं. काकांनी शिवार फिरून नकाशावर पेन्सिलनं खरं काय ते भरायचं आणि मी ते कॉम्प्युटरवर चढवायचं.

म्हणजे चालायचं काम त्यांचं आणि बसायचं माझं. ही वाटणी मला फार पसंत होती. मला खुर्चीतून उठायचा मनापासून कंटाळा. फाईल, पाणी, चार्जर, सगळं मी शिपायाला हाक मारून मागवत असे. काका दारातून येतानाच माझ्या खुर्चीखाली वाकून बघत.

"काय शोधताय काका?"

"मुळ्या फुटल्या का बगून राहिलो, माय."

गावात गेल्यावर इतर लोक तलाठ्याकडे जातात, सातबारा मागतात. काका पहिल्यांदा एखाद्या म्हाताऱ्या बाईजवळ जाऊन बसत आणि विचारत, "जळनाला कुटं जातेत तुमच्या बाया?" मग ढोरं कुठं चरतात, पावसाळ्यात वाट कुठून पडते. शेवटचा प्रश्न ते सरपंचासमोर विचारत, तेही अगदी गंभीर चेहऱ्यानं, "आन् लोक सकाळी डबा घिऊन कुटं जातेत?" सरपंच ताठ होऊन सांगत, गाव हागणदारीमुक्त आहे, पाटी लावली आहे. काका मान डोलवत. "पाटी बगितली. पाटीच्या मागं कुटं जातेत, ते इचारलं."

कार्यालयात उपग्रहाचे फोटो यायचे. त्यावरून बसल्या जागी निम्मं काम होतं असं आमच्या साहेबांचं मत होतं. काका त्या उपग्रहाला 'वरचा' म्हणत. "वरच्याला छपर दिसतंय, छपराखालचं न्हाई दिसत," असं म्हणून पिशवी उचलत आणि निघत. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, ते मी इतक्यांदा ऐकलं की पुढे पुढे त्यांच्याबरोबर मीच पुरं करायचे: "जागा रिकामी कदीच नसती, माय. इचारलं न्हाई मनून रिकामी दिसती."

शिवाराच्या हद्दीवर आले की ते चप्पल काढून पिशवीत टाकत. चप्पल घातली की पाऊल खोटं पडतं म्हणे. त्यांचं पाऊल बरोबर अडीच फुटांचं होतं आणि त्याच्यावर त्यांचा, साखरेच्या आजारावरच्या गोळ्यांवर नसेल इतका, भरवसा होता. काटा मोडला तर तिथंच बसून दुसऱ्या काट्यानं काढत आणि मोजलेला आकडा विसरू नये म्हणून तेवढा वेळ तोच पुटपुटत राहत.

पाणी मात्र ते कुठल्याच गावचं पीत नसत. चहाही नाही. खांद्याला स्वतःची बाटली. "पानी पिलं की बांध वाकडा पडतो," असं हसून सांगत. मला वाटायचं, कुणी खाल्ल्या मिठाचा हवाला देऊ नये म्हणून असेल. एकदा सहज विचारलं तर त्यांनी खरं सांगितलं. नोकरी नवी असताना एका गावात दुपारची तहान लागली. त्यांच्या हाताखालच्या, मोजणीची साखळी धरणाऱ्या माणसाला तांब्या मिळाला आणि ह्यांना, मोजणीवाल्या साहेबाला, ओंजळ करायला सांगून वरून पाणी ओतलं. "आमचं आडनाव कळलं व्हतं त्यांना," एवढंच म्हणाले. "तवापासून पानी आपलं आन् पाऊल आपलं." सांगताना ते चष्मा पुसत होते. मी काहीतरी बोलायला हवं होतं. आमच्या घरीही माझ्या लहानपणी ओसरीच्या कोनाड्यात एक कप वेगळा असायचा. मी खाली मान घालून टाईप करत राहिले.

त्यांची पेन्सिल हा एक वेगळाच विषय. इतकी दाबून लिहीत की नकाशाच्या मागच्या बाजूनं हात फिरवला तर बांध बोटाला लागत. शेत, विहीर, नाला, सगळं असं ठासून. फक्त एका ठिकाणी त्यांचा हात एकदम हलका व्हायचा, तो म्हणजे मसनवटा. तिथं ते पेन्सिल अगदी टोकाला धरत आणि कागदाला लागेल न लागेल अशी अक्षरं लिहीत. रंग तर भरतच नसत, जागा पांढरी सोडत. मी म्हटलं, "काका, हे दिसतसुद्धा नाही."

"दिसतंय. उजेडाला तिरपं धर." मग म्हणाले, "तितं लोक निजल्यात, माय. तितं जोर लावायचा न्हाई."

मला हसू आलं होतं. विक्षिप्त माणसाच्या इतर शंभर गोष्टींबरोबर हीही मी हसण्यावारी नेली.

स्वतःचं गाव त्यांनी सगळ्यात शेवटी ठेवलं. भोकरच्या रस्त्यापासून आत, साठ-सत्तर उंबऱ्यांचं गाव. त्या दिवशी ते मला मुद्दाम ओढून घेऊन गेले. "एक डाव तरी मातीत पाय घाल," म्हणाले. वस्तीत त्यांची थोरली बहीण राहायची. सगळे तिला अक्का म्हणत. त्या एका घरात काका बाटली खाली ठेवत आणि रांजणातलं पाणी तांब्यानं मागून मागून पीत. अक्का म्हणाली, "पी, पी. दुनियेचा तान्हेला हितं येतो." काका माझ्याकडे बघून ओशाळं हसले.

मग अक्काच आम्हाला नाल्याकडे घेऊन गेली. गावाच्या मोठ्या स्मशानभूमीला पत्र्याचं छत होतं, पाटी होती, तिची नोंद सरकारी कागदात होती. वस्तीचा मसनवटा वेगळा, गायरानाच्या कडेला, नाल्याच्या अंगानं. छत नाही, पाटी नाही. दोन बाभळी आणि एक निंब. कागदोपत्री ते नुसतं गायरान होतं. वस्तीतले तीन पिढ्यांचे लोक तिथं गेले होते आणि ह्याचा पुरावा म्हणजे वस्तीतल्या लोकांचं सांगणं.

"ह्या डावाला कागदावर घे रे बाबा," अक्का म्हणाली. "आमी हाव तवर आमी सांगू. मग कोन सांगंल?"

"त्याच्याचसाठी आलो की," काका म्हणाले.

तिथं काका चालले, पण मोजलं नाही. सवयीनं मी गप्प राहिले होते, तर तेच बोलायला लागले. निंबाखाली आई. पलीकडं बाप. ह्या बाजूला एक चुलता, लई तापट होता. अक्का म्हणाली, "मोज की, सगळ्याच्या जागा मोजतूस." काका म्हणाले, "आपल्या मानसांना मोजतेत का अक्का?" मग अंदाजानं पंधरा गुंठे धरले, खाली बसून मांडीवर नकाशा पसरला आणि पेन्सिल टोकाला धरून लिहिलं. इतकं हलकं त्यांनी त्याआधी कुठंच लिहिलं नव्हतं. उठताना निंबाला हात टेकून म्हणाले, "माझी बी जागा हितंच हाय."

त्यानंतर आठच दिवसांत त्यांच्या पायाचा अंगठा काळा पडला. कुठल्या तरी शिवारातला काटा आत राहिला होता आणि साखरेनं त्याचं निमित्त केलं. नांदेडच्या दवाखान्यात अंगठा काढावा लागला.

इकडे आराखडे पाठवायची मुदत आली. काकांच्या नकाशांच्या फोटोप्रती काढून आणल्या होत्या, त्यावरून मी भरत होते. मुदतीच्या शेवटच्या दिवशी दुपारी काकांचं गाव हाती आलं. नाल्याच्या कडेला एक पांढरा तुकडा. कॉम्प्युटरला पांढरं चालत नाही. तो विचारतो, वापर कोणता? शेती, गायरान, निवासी, पाणी, स्मशानभूमी, पडीक. काहीतरी निवडल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. प्रतीवर एकही अक्षर नव्हतं, इतकी फिकट पेन्सिल यंत्राला दिसली नव्हती. मला थोडं खटकलं. तिथं काहीतरी होतं असं वाटलं. आम्ही गेलो होतो, निंब होता, पण तो तुकडा हाच की पलीकडचा, हे नक्की आठवेना. काकांना फोन लावला, त्यांच्या मुलानं उचलला, म्हणाला झोपलेत. काकांचा मूळ नकाशा समोरच्या कपाटात होता. शिपाई रजेवर होता. मी उठले नाही.

मी 'पडीक' निवडलं आणि यंत्रानं मला पुढे जाऊ दिलं.

पुढचं सगळं नियमानं झालं. ग्रामसभेत आराखडा वाचून दाखवला. वस्तीतले बहुतेक लोक त्या दिवशी हळदीच्या कामावर गेले होते. जे होते त्यांनी गट नंबर ऐकले आणि माना हलवल्या. गट नंबरावरून आपली आई कुणाला ओळखू येणार? ठराव झाला. वरून मंजुरी आली. काही महिन्यांनी सौरऊर्जेच्या प्रकल्पासाठी गावोगावची पडीक जमीन मागितली गेली, तेव्हा ह्या गावचा तो तुकडा यादीत आपोआप गेला.

काका तोवर कामावर परत आले होते. पहिल्या दिवशी त्यांनी काय केलं, तर कार्यालयाच्या व्हरांड्यात फूटपट्टी ठेवून स्वतःचं पाऊल मोजलं. एकदा, दोनदा, दहादा. मग माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "सव्वादोन. आन् ते बी दर डावाला येगळं." ह्यावर विनोद करावा अशी त्यांची अपेक्षा असावी. मी त्यांच्या हातातली फूटपट्टी घेऊन खणात ठेवली.

मंजूर झालेले रंगीत नकाशे छापून आले, तेव्हा त्यांनी सगळ्यात आधी आपलं गाव काढलं. बोट फिरवत नाल्यापर्यंत आले आणि पडीकाच्या पिवळ्या रंगावर थांबले.

"माय, हितं पिवळं कायला हाय?"

मी उत्तर द्यायच्या आत ते लंगडत कपाटाकडे गेले, मूळ नकाशाची गुंडाळी काढली, खिडकीशी नेऊन उजेडाला तिरपी धरली. मी मागे जाऊन उभी राहिले. अक्षरं दिसली. 'मसनवटा, वस्तीचा.' मी म्हणणार होते, काका, माझं चुकलं. त्याआधीच ते म्हणाले, "मी लईच हलकं लिवलं."

आणि मी ते तसंच राहू दिलं.

साहेब भले होते. त्यांनी अर्ज घेतला, वर पाठवला. उत्तर आलं की आराखडा ग्रामसभेच्या ठरावानं मंजूर झालेला आहे, दुरुस्तीचा विचार पुढील अद्ययावतीकरणाच्या वेळी करण्यात येईल. काका चार ठिकाणी जाऊन आले. सगळीकडे त्यांना बसायला खुर्ची मिळाली आणि हेच वाक्य मिळालं. वस्तीनं ग्रामसभा बोलवायला लावली, त्या सभेला काका गेले आणि फाईल धरायला मला नेलं. सभेत अक्का उभी राहिली. ती ओरडली नाही.

"तू सरकारी मोजनीवाला," ती म्हणाली. "सगळ्या मुलखाला ज्याच्या त्याच्या जागा दाखवल्यास. आन् आपल्या आईची जागा तुझ्याच कागदातून गेली?"

काका म्हणाले, "व्हय अक्का. मीच हलकं लिवलं."

मी फाईल छातीशी धरून त्यांच्या शेजारी उभी होते. पुढच्या महिन्यात माझा करार संपत होता. मी तोंड उघडलं असतं तर तिथंच सगळं बदललं असतं असं नाही. जागा परत मिळाली नसती. पण त्या माणसाच्या अंगावरून तेवढं एक ओझं उतरलं असतं. मी उघडलं नाही. सभा उठल्यावर अक्कानं सवयीनं तांब्या पुढे केला. काका म्हणाले, "हाय माझ्यापाशी," आणि खांद्याच्या बाटलीतलं पाणी प्याले. स्वतःच्या गावात, स्वतःच्या बहिणीच्या दारात. अक्कानं तांब्या तसाच धरून ठेवला होता. ते मला आजही बघवत नाही.

त्यानंतर काका बोलायचे कमी झाले. खुर्चीखाली बघायचे थांबले. गावं फिरत होते, पण आता चप्पल घालून. आणि आणखी एक गोष्ट झाली, ती बहुधा मला एकटीलाच कळली. त्यांच्या नव्या नकाशांवर मसनवटे दिसायला लागले. काळेभोर, ठसठशीत. एका नकाशावर तर पेन्सिल इतकी रुतली होती की कागद फाटला होता. मी त्या फाटक्या जागेला मागून चिकटपट्टी लावली आणि तोंड धुवायला गेले.

अंगठ्यामागून मूत्रपिंडं गेली. वर्षभर नांदेडच्या वाऱ्या केल्या. एका सकाळी त्यांच्या मुलाचा फोन आला आणि त्यानं फक्त गावाचं नाव सांगितलं, म्हणाला, तिकडंच न्यायचं म्हणत होते.

मी पोचले तेव्हा माणसं तारेच्या कुंपणाशी थांबली होती. आत ओळीनं काळ्या काचा आभाळाकडे तोंड करून उभ्या. निंब नव्हता. राखणदार जवळच्याच गावचा होता, बिचारा फोनवर फोन लावत होता, पलीकडून कुणी होकार देत नव्हतं. "माझ्या हातात चावी हाय, हुकूम न्हाई," असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता आणि बोलता बोलता रडायला लागला. कुणी त्याला शिवी दिली नाही. शेवटी वस्तीतल्या म्हाताऱ्यांनी ठरवलं आणि कुंपण आणि नाला ह्यांच्यामध्ये जेमतेम गाडीच्या रुंदीची पट्टी उरली होती, तिथं लाकडं रचली. त्रिसरण झालं, पंचशील झालं. ज्या माणसानं आयुष्यभर प्रत्येकाला त्याची हद्द दाखवली, तो हद्दीच्या बाहेर जळला. मी तोंडाला पदर लावून उभी होते आणि मला माझीच किळस आली होती.

अक्का कुंपणाच्या कोपऱ्यातल्या खांबाला धरून उभी होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "ह्या खांबापासून सतरा पावलं आत आई हाय. खांब रवले तवा येऊन मोजून गेला त्यो."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "अक्का, ते हलकं लिहिल्यामुळं नाही झालं. मूळ कागद कपाटात होता. मी बघितला नाही. चूक माझी होती."

अक्कानं पदरानं तोंडावरची राख पुसली.

"ठाव हाय मला," ती म्हणाली. "सभेच्या दुसऱ्या दिवशीच येऊन सांगून गेला. मनला, पोरीला उठायचा कटाळा हाय, पर मनानं वाईट न्हाई. कुटं बोलू नको. तिचं पोट कंत्राटावर हाय."

त्यांना माहीत होतं. त्या खिडकीत कागद तिरपा धरला तेव्हापासून माहीत होतं, आणि तरी ते रोज सकाळी येऊन माझ्या टेबलावर नकाशा ठेवत होते.

ह्या वर्षी आराखडे पुन्हा अद्ययावत करायचा आदेश आला. काकांच्या गावची दुरुस्ती मी सगळ्यात आधी केली. पंधरा गुंठे, वापर स्मशानभूमी. ती मंजूरही झाली. आता नकाशावर मसनवटा आहे आणि जमिनीवर काचा आहेत. वर विचारलं तर सांगतात, प्रकल्पाचा करार पंचवीस वर्षांचा आहे, त्यानंतर बघू. अक्काला हे सांगायला मी अजून गेलेली नाही.

परवा जेवणाच्या सुट्टीत कार्यालयात कुणी नव्हतं. मी चपला काढल्या, खुर्चीतून उठले आणि कपाटाकडे पावलं मोजत निघाले. मध्येच शिपाई चहा घेऊन आला आणि त्यानं हाक मारली, तेव्हा मी मागे फिरले आणि खुर्चीपासून पुन्हा मोजली.

नऊ भरली.